खड्ड्यातही न हलणारा टीव्ही

भिवंडी-वाडा रस्त्यावर कॅम्पर घेऊन निघणार असाल, तर टीव्हीची खरी परीक्षा पडद्याची नाही, बोल्टची आहे.

कॅम्परची भिंत घराच्या भिंतीसारखी नसते. पातळ अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, आत फोम, आतून प्लायवूड. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू हादऱ्यांनी हळूहळू छिद्र मोठं करत सुटतो. म्हणून आधी सांगाड्याची लोखंडी चौकोनी नळी शोधा. आतून चुंबक फिरवला तर ती सापडते. नळी नको तिथे असेल, तर दोन नळ्यांवर १८ मिमी प्लायवूडची फळी बोल्टने बसवून ब्रॅकेट त्या फळीवर लावा.

ब्रॅकेटचा बाहेर ओढता येणारा हात मोहक दिसतो, पण हिशेब बघा. ४ किलोचा टीव्ही ४० सेंमी बाहेर, वरच्या-खालच्या बोल्टमध्ये अंतर १० सेंमी, तर उभ्या गाडीतही वरच्या बोल्टवर सुमारे १६ किलोची ओढ! खड्ड्यात ती कितीतरी वाढते. त्यामुळे चालत्या गाडीत हात मिटलेला, पिन लावलेली आणि वरून पट्टा आवळलेला हवा. लांब प्रवासात टीव्ही उतरवून गादीवर ठेवला तर उत्तमच.

नट आत नायलॉनची कडी असलेले, म्हणजे नायलॉक घ्या. कंपनाने नट कसे सुटतात हे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरइतकं कुणाला ठाऊक? टीव्हीच्या पाठीमागची छिद्रं लहान पडद्यांना बहुधा ७५ किंवा १०० मिमी अंतरावर असतात. ब्रॅकेट घेण्याआधी मोजा. वायर पत्र्यातून नेताना छिद्राला रबरी ग्रोमेट विसरू नका.