आजीकडचा पाऊस कुठे अडतो?

मे महिन्याच्या सुट्टीत घाटकोपरहून म्हसवडला आजीकडे जाऊन आलेल्या तिसरीतल्या मुलीने विचारलं, "बाई, पाऊस माझ्या आजीवर रुसलाय का?"

उत्तर नकाशात आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच बरसतात. पूर्वेकडे उतरणारा वारा कोरडा असतो. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीहून जास्त पाऊस, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

पालकांनो, गावी गेल्यावर मुलांना आजीबरोबर हंडा भरू द्या. भांडी विसळलेलं पाणी ती झाडाला का घालते, हे विचारू द्या. व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

ती मुलगी हल्ली बाटलीत उरलेलं पाणी वर्गातल्या कुंडीत ओतते. मी सांगितलं नव्हतं.