इंग्रजांचं गवत, खारबावची लावणी

शाळेच्या गाइडमध्ये वेळेवरच्या इंग्रजी म्हणींचा अर्थ बहुधा एका ओळीत उरकलेला असतो : वेळेचे महत्त्व ओळखावे. परीक्षेपुरतं ते चालतं. पण या म्हणी गवत कापणाऱ्याच्या, कपडे सांधणाऱ्याच्या, दुकान चालवणाऱ्याच्या तोंडच्या आहेत आणि प्रत्येकाची घाई वेगळी आहे. ती तपासून पाहायला भिवंडी तालुक्यातलं खारबाव चांगलं. भातशेती आहे, दक्षिणेला वसईच्या दिशेने जाणारी खाडी आहे, दिवा-वसई मार्गावरचं स्टेशन आहे आणि शेजारी यंत्रमागांची, गोदामांची भिवंडी.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' ही म्हण जॉन हेवूडच्या 1546च्या संग्रहात आहे. इंग्लंडचा उन्हाळा लहरी. कापलेलं गवत वाळायला सलग काही कोरडे दिवस लागतात आणि तेच मिळण्याची खात्री नसते. ओलं गवत रचून ठेवलं तर बुरशी धरते, आतून तापतं, कधी कधी पेटही घेतं. म्हणून ऊन दिसलं की सगळं घर शेतात.

ठाणे जिल्ह्यात मात्र उन्हाचं कौतुक कोणाला? पावसाळा सरला की पुढचे सात-आठ महिने ऊनच ऊन. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत कापायचं, ते वाळणारच. इथली खरी घाई असते ती आषाढात. राबातली रोपं तीन-चार आठवड्यांची झाली की ती उपटून चिखलात लावायलाच हवीत. रोप जुनं झालं की फुटवे कमी येतात आणि पीक घटतं. म्हणजे इंग्रज शेतकरी ज्या पावसाला घाबरून धावत होता, त्याच पावसासाठी इथला शेतकरी धावतो. ही म्हण खारबावला जन्मली असती तर तिच्यात पाऊस असता. गाइडवाले तिच्यापुढे 'वाहत्या गंगेत हात धुवून घेणे' लिहितात, ते काही पटत नाही. त्या वाक्प्रचाराला संधिसाधूपणाचा वास आहे, गवताच्या म्हणीला घामाचा.

'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' ऐकताच डोळ्यांपुढे समुद्र येतो. जुन्या इंग्रजीत मात्र 'टाइड' म्हणजे वेळ किंवा पर्व. भरती-ओहोटी त्या शब्दाला नंतर चिकटली. खाडीकाठच्या माणसाला त्याने फरक पडत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. कोकणपट्टीत तिचा जुना हिशेब तिथीवर चालतो : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा अंदाजे तास. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. भरती कोणासाठी थांबत नाही हे खरं, पण कधी येणार ते आधी सांगून ठेवते. म्हणीतली धमकी इथे निम्मी बोथट होते.

याच खाडीमुळे 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' इथे चटकन कळते. टॉमस फुलरच्या 1732च्या संग्रहात ती सापडते, पण तिथे एक टाका नऊ टाके 'वाचवू शकतो' एवढंच म्हटलंय. छातीठोक खात्री पुढच्यांनी घातली. नऊच का, तर 'टाइम' आणि 'नाइन' कानाला जुळतात. बाकी गणित नाही. खारजमिनीत टाका म्हणजे बांधावरचा चिखल. खेकड्याने पोखरलेलं भोक आज बुजवलं नाही, तर उधाणाला तिथूनच खारं पाणी भातात शिरतं. मग जमिनीतला खार धुऊन निघायला एक पावसाळा पुरेलच असं नाही. हे बांध शेतकऱ्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नाहीत, म्हणून तर 1948 साली मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा केला आणि 1979मध्ये महाराष्ट्राने नवा आणला.

'टाइम इज मनी' हे बेंजामिन फ्रँकलिनने 1748 साली तरुण व्यापाऱ्याला केलेल्या उपदेशातून जगभर गेलं. त्याचा हिशेब सरळ होता : दिवसाला दहा शिलिंग कमावणारा अर्धा दिवस बसून राहिला, तर त्याने पाच शिलिंग फेकून दिले. भिवंडीच्या यंत्रमागावर मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. वीज गेली की माग बंद, मजुरी बंद. कारागीर आळशी नसतो, तरी शिलिंग त्याचेच जातात. फ्रँकलिनने हे खातं मांडलंच नाही.

राहिली 'बेटर लेट दॅन नेव्हर'. रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात ती लॅटिनमध्ये आहे, म्हणजे दोन हजार वर्षांची. खारबाव स्टेशनवर तिचा अर्थ कोणाला समजवावा लागत नाही. दिवा-वसई मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ ताटकळायचं, नाहीतर अंजूरफाटा-कामण रस्त्याने जायचं.

पुढच्या आठवड्यात पैशावरच्या म्हणी. तुमच्या गावात लावणीच्या, भरतीच्या किंवा मागाच्या वेळेवर एखादी म्हण ऐकली असेल, तर ती कोणाच्या तोंडी असते त्यासह जरूर कळवा.