एक नाव, दोन रोग

कर्करोगाचे नाव ऐकताच माणूस हाय खातो. पुढचा तपशील त्याच्या कानांत शिरत नाही. परंतु घशाच्या कर्करोगात हा तपशीलच फार महत्त्वाचा आहे. कारण एका नावाखाली आपण दोन निराळे रोग मोजत आलो आहोत.

पहिला रोग तंबाखू व दारू यांच्या दीर्घ संगतीतून उद्भवतो. दुसऱ्याचे कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही हा विषाणू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ याच विषाणूत आहे, हे दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घशात हा विषाणुजन्य रोग मुख्यतः टॉन्सिलमध्ये व जिभेच्या मुळाशी होतो. पुष्कळदा मानेतील न दुखणारी गाठ हेच त्याचे पहिले लक्षण असते.

या दोन रोगांचा शेवट सारखा नसतो. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सर्व रोग्यांना किरणोपचार व सिस्प्लॅटिन हे औषध दिले होते. तीन वर्षांनंतर विषाणुजन्य रोगाच्या रोग्यांपैकी शेकडा ८२ हयात होते. इतरांपैकी शेकडा ५७.

असे का व्हावे? पेशीत पी-त्रेपन्न नावाचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. बिघडलेल्या पेशीची वाढ ते रोखते, किंवा तिला मरावयास लावते. तंबाखूजन्य रोगात बहुधा या पहारेकऱ्याची घडणच मोडलेली असते. विषाणू घडण मोडत नाही. तयार झालेला पहारेकरी तो नष्ट करवितो. म्हणून विषाणूचा अंमल ढिला पडला की पहारेकरी पुन्हा उभा राहू शकतो, असे शास्त्रज्ञ मानतात. मात्र त्याच चाचणीत असेही दिसले की, धूम्रपान जितके अधिक, तितका मृत्यूचा धोका अधिक. विषाणुजन्य रोगही याला अपवाद नव्हता.

आता साहजिकच प्रश्न येतो : रोग एवढा वळणारा असेल, तर उपचार सौम्य का करू नयेत? किरणांनी तोंडाची लाळ आटते, घास गिळणे कठीण होते. सिस्प्लॅटिनने कान व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचते. बरे झालेल्या माणसाला हे सारे पुढे वर्षानुवर्षे सोसावे लागते. म्हणून सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब देऊन पाहण्यात आले. २०१८ साली दोन चाचण्यांचे निकाल हाती आले. अमेरिका-कॅनडातील चाचणीत पाच वर्षांनंतर सिस्प्लॅटिन घेतलेले शेकडा ८५ हयात होते, सेटुक्सिमॅब घेतलेले ७८. ब्रिटन, आयर्लंड व नेदरलँड्स येथील चाचणीनेही हाच कौल दिला. आणि एकंदर त्रास काही कमी झाला नव्हता!

यावरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. घशातील गाठीचा तुकडा तपासताना पी-सोळा या प्रथिनाची परीक्षा झाली आहे काय, हे रोग्याने डॉक्टरांना अवश्य विचारावे. विषाणूचा तो माग आहे. उत्तर अनुकूल आले तर धीर धरावा, पण उपचार अर्ध्यावर सोडू नयेत. आणि आपल्याकडे तोंडाघशाच्या कर्करोगाचे मोठे कारण आजही तंबाखूच आहे. तेव्हा परदेशांतील हे आशादायक आकडे ऐकून कोणी तंबाखूची डबी निर्धास्तपणे उघडू नये.