शेवटच्या दिवसाची उतरण

काश्मीरच्या ‘ग्रेट लेक्स’ ट्रेकला अलीकडे मुंबई-पुण्याची मित्रमंडळी हौसेने जातात. सोनमर्गहून निघायचं, निचनाई खिंड ओलांडून विशनसर-किशनसरच्या काठी मुक्काम करायचा, सुमारे ४२०० मीटर उंचीची गडसर खिंड चढायची, सातसरची तळी मागे टाकून हरमुख शिखराच्या पायथ्याशी गंगाबळ आणि नुंदकोलपाशी पोचायचं आणि तिथून नारानागला उतरायचं, असा हा साधारण ७० किलोमीटरचा, आठवडाभराचा प्रवास. महिनोन्‌महिने तयारी होते ती गडसरच्या चढाची. नारानागच्या दिवसाबद्दल मात्र ‘आता काय, उतरायचंच तर आहे’ एवढ्यावर बोलणं संपतं. माझ्या मते या ट्रेकमधला सर्वांत जपून आखायला हवा असा दिवस हाच. तो सगळ्यांनी मिळून पुरा करावा हा आग्रह मैत्रीखातर तर धरावाच, पण त्याहून अधिक सुरक्षिततेखातर धरावा.

गंगाबळ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि नारानाग एकवीसशेच्या आसपास. म्हणजे एका दिवसात जवळपास १४०० मीटर उतरायचं. कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १६४६ मीटरवर आहे, यावरून या उताराची कल्पना यावी. चढताना दम लागतो आणि शरीर आपणहून थांबायला लावतं. उतरताना असा इशारा मिळत नाही. मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ताणले जात असतानाच अंगाचं वजन रोखून धरत असतात. या कामात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं एक-दोन दिवसांनी जाणवतं, पण ताकद त्याच दिवशी, चालता चालता कमी होत जाते. त्यामुळे बोलताना, हसताना अगदी ठणठणीत वाटणारा माणूस पुढच्याच दगडावर तोल सांभाळू शकत नाही. त्यात आठवडाभराची अपुरी झोप आणि मंदावलेली भूक यांची भर. उलट शरीर विरळ हवेला सरावलेलं असतं आणि आता खालीच जायचं असतं. उंचीची भीती सरते आणि तिच्याबरोबर सावधपणाही.

वाटेचं रूपही त्याच दिवशी बदलतं. वरच्या कुरणांमध्ये अख्खी रांग नजरेत असते. कोण मागे राहिलं ते कुणी न सांगता कळतं. खाली झाडी सुरू झाली, की उतार तीव्र होतो, सुटे दगड आणि वाळलेल्या पानांचा थर पायाखाली येतो, मेंढपाळांच्या वाटा फुटत जातात आणि एका वळणाच्या अंतरावरचा माणूसही दिसेनासा होतो. जिथे एकत्र राहायचं, नेमके तिथेच गट पांगतात, कारण खाली उभी गाडी, गरम पाण्याची आंघोळ आणि फोन पुढच्यांना खुणावत असतात. पुढचे थांबतात, नाही असं नाही. पण ते थांबतात कसे, हे पाहण्यासारखं असतं. पुढचे पाच जण दगडांवर बसून पंधरा मिनिटं पाणी पितात, खजूर खातात. सर्वांत मागचा धापा टाकत पोचतो, सॅक उतरवायला हात खांद्याकडे नेतो, तोच पाचही जण उठून ‘चला’ म्हणतात. ज्यांना विश्रांतीची गरज कमी, त्यांना ती पुरेपूर मिळते. ज्याला खरी गरज, त्याला एक क्षणही मिळत नाही. असं चार-पाच वेळा झालं, की मागचा माणूस दमून नव्हे तर घाईने पडतो.

यावर वेगाने चालणारे म्हणतात, की दुसऱ्याच्या चालीने उतरलं तर उलट आमचेच गुडघे दुखतात. यात तथ्य आहे. सतत ब्रेक लावत उतरणं त्रासाचं असतं. पण पावलाला पाऊल मिळवा, असं कोण म्हणतंय? आपल्या चालीने उतरावं, प्रत्येक फाट्यावर थांबावं आणि शेवटच्या माणसाने बसून पाणी पिऊन घेतल्यावरच उठावं, एवढंच. दुसरा आक्षेप असा, की सर्वांच्या मागून चालणारा वाटाड्या, म्हणजे बॅकलीड, असतोच, मग बाकीच्यांनी कशाला थांबायचं? पाय मुरगळला तर एकाने जखमीपाशी बसायचं आणि मदतीला शक्यतो दोघांनी जायचं, ही डोंगरातली जुनी रीत आहे. म्हणजे जखमी धरून चार माणसं जवळपास हवीत. एकटा बॅकलीड बसेल तरी नाहीतर जाईल तरी. उशीर होईल ही भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय सकाळी लवकर निघण्याचा आहे, दुपारी पळण्याचा नव्हे.

आणि नारानाग हा नुसता गाडीतळ नाही. तिथे साधारणपणे आठव्या शतकातली, ललितादित्याच्या काळाशी जोडली जाणारी दगडी मंदिरं भग्नावस्थेत उभी आहेत, झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे. ज्या हरमुखच्या सावलीत आदली रात्र काढली, त्याच पर्वतावरून १८५६ मध्ये माँटगोमेरी या सर्वेक्षकाने काराकोरममधली दोन शिखरं हेरून त्यांना के-१ आणि के-२ अशा खुणा दिल्या. एवढ्या मुलखातून आल्यावर निम्म्या मंडळींनी गाडीत बसून हॉर्न वाजवावा, हे मला पटत नाही.

तेव्हा जाणार असाल तर निघण्याआधीच ठरवून टाका: नारानागची गाडी दुपारची नको, संध्याकाळची सांगा, उतरणीच्या सकाळी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधा, काठी थोडी लांब करा, आणि श्रीनगरहून परतीचं विमान त्याच रात्रीचं घेऊ नका.