अमेरिकन प्रजासत्ताकाच्या आरंभकाळातील कोषव्यवस्था

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आरंभीच्या राज्यकारभाराचा विचार करताना सामान्यतः राज्यघटनेतील सत्ताविभागणीकडेच अभ्यासकांचे लक्ष जाते. परंतु त्या विभागणीची खरी कसोटी लागली ती एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर : सरकारी तिजोरीतील पैसा कोणाच्या आज्ञेने, कोणत्या कार्यासाठी व कोणत्या पुराव्यावर बाहेर पडावा ? १७८९ ते १८०९ या वीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर क्रमाक्रमाने सिद्ध झाले. ते कोणा एका पुरुषाच्या बुद्धीचे फळ नसून परस्परविरोधी पक्षांच्या संघर्षातून निष्पन्न झालेले आहे.

नव्या घटनेपूर्वीची स्थिती शोचनीय होती. १७८१ च्या संघकरारान्वये मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. घटक राज्यांकडे वर्गणी मागावयाची व ती येईल तेवढ्यावर भागवावयाचे, एवढेच तिच्या हाती होते. आयात मालावर पाच टक्के जकात बसविण्याची योजना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे फसली. १७८३ ची सुधारित योजना न्यूयॉर्कने घातलेल्या अटींमुळे १७८६ मध्ये निष्फळ ठरली. आर्थिक कारभार प्रथम रॉबर्ट मॉरिस या एका अधीक्षकाकडे व १७८४ नंतर तिघांच्या मंडळाकडे होता. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या थकलेल्या वेतनापोटी रोख पैशाऐवजी ऋणपत्रे देण्यात आली होती आणि अनेकांनी गरजेपोटी ती अत्यल्प किमतीस विकून टाकली होती.

१७८९ मध्ये नवी काँग्रेस भरली तेव्हा कोषखात्यावर एक प्रमुख असावा की मंडळ असावे, याविषयी प्रतिनिधिगृहात वाद झाला. एका व्यक्तीच्या हाती एवढी सत्ता देणे धोक्याचे आहे, असे एल्ब्रिज गेरी यांचे म्हणणे होते. उलट, मंडळात जबाबदारी कोणाची हेच निश्चित होत नाही, असा दुसऱ्या पक्षाचा अनुभव होता. २ सप्टेंबर १७८९ च्या कायद्याने या वादातून मध्यममार्ग काढला. खात्याचा प्रमुख एकच सचिव ठरला. परंतु त्याच्याबरोबर नियंत्रक, हिशेबतपासनीस, खजिनदार व नोंदणी-अधिकारी अशी स्वतंत्र कर्तव्यांची पदे कायद्यानेच निर्माण केली. शिवाय कोणत्याही सभागृहाने मागितलेली माहिती सचिवाने समक्ष अथवा लेखी सादर केली पाहिजे, असेही बंधन घातले. पहिला सचिव म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन यांची नेमणूक झाली.

या रचनेचे मर्म कामाच्या क्रमात आहे. सरकारकडे आलेली मागणी प्रथम हिशेबतपासनीस तपाशी. त्याचा निर्णय नियंत्रकापुढे जाई. मान्य झालेला हिशेब नोंदणी-अधिकाऱ्याच्या दप्तरी जमा होई. पैसे देण्याचा हुकूम सचिव काढी, पण त्यावर नियंत्रकाची प्रतिस्वाक्षरी व नोंदणी-अधिकाऱ्याची नोंद असल्यावाचून खजिनदार तो वटवू शकत नसे. म्हणजे आज्ञा देणारा, ती पडताळणारा, नोंदविणारा व प्रत्यक्ष पैसा देणारा हे चौघे निरनिराळे होते. याच कायद्याने खात्याच्या अधिकाऱ्यांना व्यापार करण्यास अथवा सरकारी रोखे खरेदी करण्यास मनाई केली.

ही मनाई अनाठायी नव्हती, हे लवकरच दिसून आले. जुन्या मंडळाचे चिटणीस व पुढे हॅमिल्टन यांचे पहिले साहाय्यक विल्यम ड्यूअर हे १७९० मध्ये खाते सोडून सट्टेबाजीत बुडाले. १७९२ च्या मार्च महिन्यात त्यांचे दिवाळे निघाले आणि न्यूयॉर्कच्या बाजारात घबराट पसरली. त्याच सुमारास नियंत्रक ऑलिव्हर वोलकॉट यांनी, ड्यूअर यांच्या जुन्या मंडळाच्या काळातील न मिटलेल्या हिशेबांबद्दल त्यांच्यावर सरकारी दावा लावण्याचे आदेश दिले. जुन्या व्यवस्थेत रेंगाळलेली बाकी नव्या व्यवस्थेने वर काढली आणि सचिवाशी असलेला स्नेह त्या कामी आडवा आला नाही.

तथापि हिशेबाची चोख पद्धत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हती. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टन यांनी सार्वजनिक पतीविषयीचा आपला अहवाल सादर केला. त्यात राष्ट्राचे कर्ज सुमारे ५ कोटी ४१ लाख डॉलर दाखविले होते. राज्यांची कर्जे याहून निराळी होती. ऋणपत्र ज्याच्या हाती असेल त्यालाच त्याचा मोबदला मिळावा, कारण हस्तांतर मान्य करून दिलेले वचन मागाहून मोडल्यास राज्याची पत उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. जेम्स मॅडिसन यांना मात्र पडत्या भावाने ऋणपत्र विकणाऱ्या सैनिकाची उपेक्षा सहन होईना. सध्याच्या धारकास बाजारातील सर्वोच्च भाव द्यावा व उरलेली रक्कम मूळ धारकास मिळावी, अशी सूचना त्यांनी मांडली. मूळ धारक शोधून काढणे दप्तरांवरून शक्य आहे की नाही, हाही वादाचा एक विषय होता. २२ फेब्रुवारी १७९० रोजी ही सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. राज्याची पत सावरली. परंतु ज्याने युद्धात सेवा केली त्याचा वाटा दुसऱ्याच्या पदरात पडला.

दुसरा अपुरा भाग विनियोजनाचा होता. कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढू नये, हे घटनेतच नमूद आहे. पण ती मंजुरी किती तपशीलवार असावी ? २९ सप्टेंबर १७८९ च्या पहिल्या विनियोजन कायद्यात ६,३९,००० डॉलरची संपूर्ण रक्कम चारच ठोक बाबींत विभागली होती : मुलकी कारभार २,१६,०००, युद्धखाते १,३७,०००, जुन्या मंडळाचे न वटलेले हुकूम १,९०,००० व अपंग सैनिकांची निवृत्तिवेतने ९६,००० डॉलर. एवढ्या सैल मंजुरीत अधिकाऱ्याच्या विवेकास भरपूर वाव राहतो. १७९३ मध्ये व्हर्जिनियाचे प्रतिनिधी विल्यम जाइल्स यांनी असा आरोप केला की, दोन निरनिराळ्या कायद्यांखाली निरनिराळ्या हेतूंसाठी उभारलेली परदेशी कर्जे हॅमिल्टन यांनी एकत्र करून वापरली. जाइल्स यांचे ठराव मोठ्या बहुमताने नामंजूर झाले. परंतु मंजूर हेतूपासून पैसा वळविण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न उरलाच.

तो पुढे नेला जिनिव्हात जन्मलेल्या अल्बर्ट गॅलाटिन यांनी. प्रत्येक रक्कम विशिष्ट कार्यासाठीच मंजूर व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. १८०१ मध्ये ते कोषसचिव झाले आणि राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी त्याच वर्षीच्या संदेशात हे तत्त्व काँग्रेसपुढे ठेवले. ३ मार्च १८०९ च्या कायद्याने मंजूर रक्कम त्या त्या कार्यासच लावण्याचे बंधन आले. मात्र काँग्रेसच्या विरामकाळात एकाच खात्यातील बाबींमध्ये रक्कम फिरविण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांस ठेवण्यात आली. गॅलाटिन यांच्या कारकीर्दीत, लुइझियाना प्रदेश खरेदी करूनही, राष्ट्रीय कर्ज सुमारे ८ कोटी ३० लाखांवरून १८१२ च्या आरंभी सुमारे ४ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत उतरले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. गॅलाटिन यांनी हॅमिल्टन यांच्या धोरणावर कठोर टीका केली होती, तरी प्रतिस्वाक्षरीची व नोंदीची घडी त्यांनी मोडली नाही. तिच्यावर विधिमंडळाच्या तपशीलवार मंजुरीची भर घातली. एकाने राज्याची पत उभी केली, दुसऱ्याने त्या पतीवर लोकप्रतिनिधींची देखरेख अधिक दृढ केली. हिशेबाची शिस्त पैशाची वाट राखते. तो पैसा कोणास मिळावा हा निर्णय मात्र लोकप्रतिनिधींच्या मतानेच व्हावयाचा असतो, आणि त्या मताची जबाबदारी कोणत्याही प्रतिस्वाक्षरीने हलकी होत नाही. १७९० मध्ये पराभूत झालेल्या सूचनेचा बोध हाच होय.