विजेचा आकार दाखवणारा जुना सीआरओ

परभणीच्या उन्हाळ्यात लाइट गेली की घरोघरी इन्व्हर्टर सुरू होतात आणि अनेक घरांत पंखा घूं-घूं करू लागतो. मल्टिमीटर लावला तर तो नुसता आकडा सांगतो. वीज कोणत्या आकारात येते आहे, हे पाहायला ऑसिलोस्कोप लागतो; कॉलेजात सगळे त्याला सीआरओच म्हणतात.

प्रयोगशाळांत डिजिटल यंत्रं आली, तसे २० मेगाहर्ट्‌झचे जुने सीआरओ स्वस्तात मिळू लागले. १९६२ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या अ‍ॅपलॅब कंपनीचं नाव त्यांतल्या कितीतरी यंत्रांवर दिसतं. रचना सगळ्यांची तीच, मूळ १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ब्राऊन यांनी केलेल्या नळीची. तापलेल्या कॅथोडमधून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवरच्या लेपावर आदळतो आणि हिरवा ठिपका उमटतो. एक विद्युतदाब त्याला ठरावीक वेगानं आडवा सरकवतो, आपण जोडलेला सिग्नल त्याला वर-खाली हलवतो.

घेताना यंत्र चालू करून बघाच. रेघ बारीक, ठळक यायला हवी. नॉब फिरवताना ती थरथरली तर आतली मळकी संपर्कजागा जाणकार माणूस कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करून देतो. पूर्ण ब्राइटनेसलाही रेघ फिकी राहिली तर नळी संपली. तो सीआरओ घेऊ नका.

सिग्नल जोडायच्या प्रोबची ग्राउंड क्लिप यंत्राच्या बॉडीतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लागली की शॉर्टसर्किट. त्यावर तोडगा म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात. हे कधीही करू नका, सगळी बॉडीच लाइव्ह होऊ शकते. झाकणही उघडू नका. आत दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो यंत्र बंद केल्यावरही काही काळ टिकतो.

मेन्स पाहायची तर मधे ९ व्होल्टचा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि प्रोब त्याच्या सेकंडरीवर लावा. टाइमबेस, म्हणजे पडद्यावरच्या एका चौकोनाचा वेळ, ५ मिलिसेकंदांवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून एक लहर २० मिलिसेकंदांची. ती बरोबर चार चौकोनांत बसते. नीट पाहिलं तर बहुतेक वेळा तिचा माथा किंचित चपटा दिसेल. टीव्ही, चार्जर, एलईडी बल्ब हे सगळे लहरीच्या माथ्यावरच करंट ओढतात, म्हणून तिथला दाब खाली बसतो.

आता तोच ट्रान्सफॉर्मर साध्या, स्वस्त इन्व्हर्टरवर लावा. लहरीच्या जागी चौकोन दिसतात, उभ्या कडांचे. अशा चौकोनात ५० हर्ट्‌झबरोबर १५०, २५० हर्ट्‌झचे घटकही असतात. तेच पंख्याच्या वाइंडिंगला कंप देतात आणि ती घरघर ऐकू येते. साधा मल्टिमीटर मात्र समोर साइन वेव्हच आहे असं धरून सरासरीवरून आकडा काढतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या चौकोनी लहरीला तो २५५ दाखवतो. ट्रू आरएमएस मीटर त्याच जागी २३० दाखवेल.