दिल्लीच्या वेशीवरची देवराई

दिल्लीला लागूनही देवराई आहे! फरिदाबाद जिल्ह्यातली मांगर बनी. गुदडिया दास बाबांवरच्या श्रद्धेपोटी गुर्जर गावकरी इथली फांदीही तोडत नाहीत. म्हणूनच आपल्या धावड्याचा भाऊबंद 'धौ' इथे दाट उभा आहे.

पावसाळ्यात जवळच्या गावात आम्ही दिवसभर रोपं लावली: धौ, सालई, पळस. विलायती बाभूळ मुद्दाम टाळली. ती स्थानिक झाडांना वाढू देत नाही. मधूनच नवरंगाची शीळ यायची. हा पक्षी विणीसाठी पावसाळ्यात इथे येतो. चिखलात नीलगाईच्या खुरांचे ठसे दिसले. बिबट्या, तरसही इथल्या अरवलीच्या डोंगरांत राहतात.

गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान २०१०पासून असंच स्थानिक झाडांनी, जुन्या खाणींच्या जागी उभं राहिलं.

रोप निवडण्याआधी जवळची जुनी राई पाहा. तिथे जे उगवतं, तेच लावा.